वेळेचा रकाना

पंचफुलाबाईंच्या हातात स्टीलचा ट्रे होता आणि माझ्या हातात संत्रा बर्फीचा डबा. ऑपरेशन थिएटरच्या दारासमोर आम्ही दोघी अशा समोरासमोर आलो, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. बाकावरून एक म्हातारा धोतर सावरत उठत होता आणि त्या त्याच्यापुढे ट्रे धरून उभ्या होत्या.

"पाहून घ्या, बाबाजी. पुरी निघाली."

म्हाताऱ्याने ट्रेकडे पाहिलं नाही, जिन्याकडे पाहिलं. "थांबा न बाई थोडंसं. माहा पोरगा येऊन राह्यला काटोलहून. त्यालेबी पाहू द्या."

"येऊ द्या मंग," त्या म्हणाल्या आणि ट्रेवरचं हिरवं फडकं नीट करून तशाच उभ्या राहिल्या.

नागपूरचा मे महिना होता. थिएटरच्या आत एसी होता. बाहेरच्या कॉरिडॉरला एकच कूलर, त्यातलं पाणी कधीच संपलेलं, आणि तो इमानेइतबारे सगळ्यांच्या अंगावर गरम वारा फेकत होता. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बर्फी मी पंचफुलाबाईंसाठीच आणली होती. दोनच दिवसांपूर्वी परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकाने आमचा शोधनिबंध स्वीकारला होता. पाच वर्षांचं काम. जुलैत प्रबंध द्यायचा आणि सप्टेंबरात जर्मनीला जायचं, असं ठरलं होतं. तिथल्या प्रयोगशाळेने या निबंधाच्या भरवशावरच मला जागा देऊ केली होती. या सगळ्यात पंचफुलाबाई रामटेके यांचा वाटा मोठा होता. त्या थिएटरमधल्या आया. शस्त्रक्रियेत निघालेल्या स्तनाच्या गाठीचा एक लहानसा तुकडा आणि त्याच बाईच्या निरोगी भागाचा दुसरा तुकडा, असे दोन तुकडे डॉक्टरांकडून दोन डब्यांत घालून घ्यायचे आणि ती पेटी माझ्यासाठी ठेवायची, हे काम त्यांनी पाच वर्षं एकदाही न चुकता केलं होतं. मी दुपारी चारला मागच्या खिडकीशी जायची, पेटी घ्यायची, सही करायची आणि रस्त्यापलीकडच्या आमच्या संस्थेत परत यायची. पुढच्या दाराला मी कधी आलेच नव्हते. कधी काम पडलं नाही.

त्यामुळे आधी मला ते बघून बरंच वाटलं. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात कोणी तरी एका म्हाताऱ्याला त्याच्या बायकोची निघालेली गाठ दाखवायला ट्रे धरून थांबतं आहे, हे काही वाईट नव्हतं. मी बाकाच्या टोकाला बसले. बारा वीस झाले. बारा पंचवीस झाले. पंचफुलाबाईंनी ट्रे या हातातून त्या हातात घेतला.

मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि हळूच विचारलं, "मावशी, आपल्या अभ्यासाचा फॉर्म भरलाय का या पेशंटचा?"

"हाव न. तुमची पेटी आत ठेवली हाय."

"मग तुकडे घेऊन झाले?"

"चांगल्या अंगाचा कवाचाच गेला डबीत. गाठीचा मंग काढतीन. घरच्याइनं पाह्यल्यावर."

"आज असं झालं, की नेहमीच असं करता?"

"नेहमीचंच हाय," त्या म्हणाल्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काही तरी वाटलं असावं. "काऊन, मॅडम?"

मी काही नाही म्हटलं. मी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

मुलगा आला तेव्हा त्याच्या तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळलेला होता आणि उन्हाने डोळे लाल झाले होते. बापलेक ट्रेवर वाकले.

"एवढीशीच?" म्हाताऱ्याने विचारलं.

"एवढीशीच अस्ते, बाबाजी."

"एवढ्याशा गाठीनं एवढा तरास देल्ला तिले."

मुलाने बापाच्या पाठीवर हात ठेवला. त्या ट्रेत काय होतं ते मी पाहिलं नाही. मी घड्याळ बघत होते. बारा शेहेचाळीस.

आमचं काम काय होतं ते इथे सांगायला हवं. प्रबंध न वाचणाऱ्या माणसाला मी ते असं सांगायची, आणि प्रबंध वाचणारी माणसं जगात मोजून चार होती. पेशीच्या मध्ये एक केंद्रक असतं, तिथे सगळ्या कामांची मूळ वही असते. वही बाहेर न्यायची नाही. ज्या कामाची गरज असेल त्याची चिठ्ठी उतरवून बाहेर पाठवायची. ही चिठ्ठी म्हणजे आरएनए. बाहेर ती वाचून काम झालं की फाडून टाकतात. आमचं प्रथिन या चिठ्ठ्यांना चिकटून बसणाऱ्यांपैकी. एरवी ते केंद्रकातच असतं. बाहेर आलं तर मात्र चिठ्ठी धरून ठेवतं, फाडू देत नाही. चिठ्ठीवर 'वाढा' असं लिहिलेलं असेल तर पेशी वाढतच राहते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे प्रथिन केंद्रकाबाहेर आलेलं असतं, हे आम्हाला आमच्याकडच्या बायकांमध्ये दाखवायचं होतं आणि ते दिसलंही होतं. रंग चढवलेल्या काचपट्ट्यांवर निरोगी पेशीत मधला ठिपका तेवढा तपकिरी असायचा. गाठीतल्या पेशी सगळ्याच्या सगळ्या तपकिरी. बत्तीस रुग्णांपैकी सत्तावीस जणींमध्ये. उरलेल्या पाचजणींमध्ये प्रथिन जागचं हललं नव्हतं. त्या पाचांचा आम्ही वेगळा गट केला होता, 'संथ गट', आणि त्यावर निबंधात एक लांबलचक परिच्छेद लिहिला होता.

आता या प्रथिनाची दुसरी एक सवय आहे, आणि ती मला पाठ होती, कारण प्रस्तावनेत ती मीच लिहिली होती. पेशीचा रक्तपुरवठा तुटला, तिला उष्णतेचा त्रास झाला, की तेच प्रथिन निरोगी पेशीतही बाहेर येतं. लागणाऱ्या चिठ्ठ्या सांभाळून पेशीला तगवायला. त्याला काही दिवस लागत नाहीत. अर्धा-पाऊण तास पुरतो. तुकडा डबीतल्या फॉर्मालिनमध्ये पडला, की जे जिथे असेल ते तिथेच थांबतं.

निरोगी तुकडा लगेच डबीत पडत होता. गाठ मे महिन्यात कॉरिडॉरमध्ये उभी होती.

बापलेक गेल्यावर मी पंचफुलाबाईंच्या मागे आत गेले. हात धुवायच्या खोलीत त्यांनी ट्रे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर निखाड्यांकडे दिला, हात धुतले, आणि मी पुढे केलेल्या डब्यातून बर्फीची एक वडी घेतली.

"कायची बर्फी, मॅडम?"

"आपलं काम छापून येणार आहे, मावशी." दुसरं काय सांगणार? "मला एक सांगा. गाठीचा तुकडा आधी काढून घेतला आणि मग गाठ दाखवली, तर नाही का चालत?"

"कापेल गाठ दाखवली त लोक म्हन्ते, अर्धी आतच ठेवली. मागं भांडन झालं होतं एकदा, मोठ्या सरांपर्यंत गेलं. तवापासून आख्खी दाखवतो." त्यांनी वडीचा दुसरा तुकडा मोडला. "दाखवा त लागतेच. नाही पाह्यली त घरी जाऊन झोप येत नाही लोकाइले. वाटते, हाय का गेली."

"किती वेळ लागतो दाखवायला?"

"त्याचा काय नेम? कोनी दोन मिन्टात पाहून घेते. कोनाचा जवाई यायचा रायते. मी घाई नाही करत कोनाले."

"आणि फॉर्मवर वेळ लिहिता ती?"

"ते डॉक्टर लिहिते. गाठ निघाली ते वेळ. रकाना एकच त हाय."

रकाना एकच होता. पाच वर्षांपूर्वी तो फॉर्म मीच आखला होता, मोठ्या हौसेने, संस्थेच्या नावाच्या ठशासकट. त्यात रुग्णाचं वय, गाव, मुलं किती, तंबाखूची सवय, सगळं होतं. दोन तुकडे, आणि वेळेचा रकाना एक. एकच शस्त्रक्रिया, एकच वेळ, असं मी धरून चालले होते.

चार दिवस मी कोणाशी बोलले नाही. डॉक्टर निखाड्यांना एवढीच विनंती केली, की पुढच्या शस्त्रक्रियेत निरोगी भागाचे दोन तुकडे द्या. एक लगेच डबीत टाका आणि दुसरा पाऊण तास ट्रेत गाठीशेजारी राहू द्या, गाठ जाईल तिथे त्यालाही जाऊ द्या. त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांना झोपायलाही वेळ मिळत नसे, ते मला कारण कुठून विचारणार? पाचव्या दिवशी सकाळी मी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. लगेच डबीत पडलेल्या तुकड्यात मधले ठिपके तपकिरी होते. पाऊण तास थांबलेला तुकडा, पूर्ण निरोगी तुकडा, पेशीभर तपकिरी होता.

मी काचपट्टी काढून पुसली आणि परत लावली. मग तिसऱ्यांदा लावली. काचपट्टीने माझं काय घोडं मारलं होतं, पण त्या सकाळी मला ती फोडून टाकावीशी वाटली.

माझे मार्गदर्शक म्हणजे डॉक्टर काळमेघ. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांच्या प्रयोगशाळेतून एवढ्या मोठ्या ठिकाणी गेलेला हा पहिलाच निबंध, आणि पुढचं अनुदानही त्याच्यावरच उभं होतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना ते चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"कोणाकोणाला माहीत आहे हे?"

"मला. आता तुम्हाला. आणि पंचफुलाबाईंना, पण आपण काय शोधतो ते त्यांना माहीत नाही."

"माहीत असतं तर त्यांनी पाच वर्षांपूर्वीच सांगितलं असतं," सर म्हणाले. मग चष्मा डोळ्यांवर चढवला. "एक ओळ टाकता येते, ज्योत्स्ना. मर्यादा म्हणून. नमुने फॉर्मालिनमध्ये जाण्याच्या वेळेत थोडाफार फरक असू शकतो, वगैरे. सगळेच टाकतात."

ते लबाडीने बोलत नव्हते. थकून बोलत होते. मीही थकले होते, आणि ती ओळ माझ्याही डोक्यात गेले चार दिवस घोळत होती.

"आणि दुसरं," ते जरा सरसावून बसले, "तुझे ते पाच. उशिरामुळेच प्रथिन बाहेर येत असेल, तर त्या पाचजणींच्या गाठीही कॉरिडॉरमध्ये थांबल्याच असतील की. मग त्यांचं का नाही आलं बाहेर? म्हणजे गाठी-गाठींत काही तरी खरा फरक आहे. थोडी भेसळ झाली असेल, पण मुळात आपलं म्हणणं टिकतं."

हे मला सुचलंच नव्हतं. मला सरांचे पाय धरावेसे वाटले. त्या पाचजणींच्या गाठीही तशाच तापल्या असतील, थांबल्या असतील आणि तरी त्यांचं प्रथिन आत राहिलं असेल, तर माझा प्रबंध जिवंत होता. जर्मनीही जिवंत होती.

"जा, विचारून ये त्यांना," सर म्हणाले. "तुझ्या पंचफुलाबाईंना आठवत असेल तर."

मी यादी घेऊन गेले. आधी मुद्दाम एकोणीस क्रमांकाचं नाव विचारलं. एकोणीस माझा सगळ्यांत सुंदर नमुना होता; इतका गडद तपकिरी, की निबंधातलं पहिलं चित्र त्याचंच होतं.

"गोंदियावाली?" पंचफुलाबाई हसल्या. त्या चादरींच्या घड्या घालत होत्या. "तिचे लोक टेम्पो भरून आल्ते. खालून पाच-पाच जन वर सोडे वॉचमन. एक तास उभी होती मी. हात दुखून आले माहे."

मी एकोणीससमोर टिंब केलं आणि पाचांपैकी पहिलं नाव वाचलं. नंबर सात.

"हे मास्तरीनबाई. एकटीच आल्ती रिक्षानं. आत जाताना चष्मा माह्याजवळ देल्ला, म्हने हरवू नका. कागदावर सही बी तिनं सोताच केली."

"बाहेर कोण होतं तिचं?"

"कोनी नाही."

मी पुढचं नाव वाचलं. नंबर अकरा, उईके.

"तिचा नवरा होता. पन खाली पानठेल्यावर बसून. दोनदा बलावनं धाडलं, वर नाही आला. मले पाह्यवत नाही म्हने."

नंबर सोळा आश्रमातून आली होती, पोहोचवायला आलेली बाई गाडीतूनच परत गेली होती. नंबर तेवीसचा मुलगा रक्त आणायला गेला होता. तो आला तेव्हा सगळं आवरलं होतं. पंचफुलाबाई एकेका चादरीची घडी घालत होत्या आणि सांगत होत्या, आणि मी एकेका क्रमांकासमोर फुली करत होते.

"आणि नंबर एकोणतीस. वच्छला..." मी आडनावाशी थांबले.

"रामटेके," त्या म्हणाल्या. "माही जाऊ."

पाच वर्षं मी यांच्याकडून पेटी घेत होते आणि एकोणतीस क्रमांकापुढे हे आडनाव माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी कधी विचारलं नव्हतं.

"तिचंही कोणी नव्हतं बाहेर?"

"मीच होती तिले. अन् मी त आत होती, ड्युटीवर. बाहीर कोन उभं राहीन?" त्यांनी घडी घातलेली चादर ढिगावर ठेवली आणि वरून हात फिरवला. "आतच पाह्यली मी तिची."

"मग ज्यांचं बाहेर कोणीच नसतं, त्यांच्या गाठीचं काय करता, मावशी?"

"काय करायचं? सरळ डॉक्टरजवळ. लगेच तुकडा काढते, डबीत टाकते. बाहीर नेत नाही." त्या जराशा अडखळल्या. आपलं काही चुकलं की काय, असं त्यांना वाटलं असावं. "मी पाहून घेतो एकदा. दोन मिन्टं. कोनीतरी पाहावं न, मॅडम."

माझा संथ गट तो असा होता. त्यांच्या गाठीत वेगळं काही नव्हतं. त्यांच्यासाठी बाकावर कोणी बसलेलं नव्हतं, एवढंच. प्रथिनात मी पाच वर्षं कॅन्सर शोधला आणि मला सापडलं ते हे, की कोणत्या बाईसाठी किती माणसं जिना चढून आली.

मी त्या चादरींच्या ढिगावर डोकं ठेवून रडले. प्रबंधासाठी की त्या पाचजणींसाठी, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. जरा वेळाने पंचफुलाबाईंनी पाण्याचा ग्लास आणून दिला आणि म्हणाल्या, "माह्याकडून काई गडबड झाली का, मॅडम?"

"तुमच्याकडून नाही," मी म्हटलं. "फॉर्म मी आखला होता."

परत गेल्यावर सरांना पाचही नावं सांगितली, बाहेर कोण होतं तेही सांगितलं. सर खिडकीतून रस्त्यापलीकडे हॉस्पिटलकडे बघत बसले. मला वाटलं, ते पुन्हा मर्यादेच्या ओळीवर येतील, आणि खरं सांगायचं तर ते आले असते तर मी बहुधा हो म्हटलं असतं. माझ्यात विरोध करायचं त्राण उरलं नव्हतं.

"कीबोर्ड टाइपरायटरसारखा बडवू नका म्हणतेस ना मला नेहमी," ते म्हणाले, संगणक पुढे ओढला आणि निबंध मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. मला लिहायला सांगितलं नाही. शेवटी माझं नाव काढून फक्त स्वतःचं ठेवलं. मी ते परत घालायला लावलं. तेवढंच त्या दिवशी माझ्याकडून धड झालं.

जर्मनीची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. घरी मी सांगितलं, की काम थोडं लांबलं आहे. आई म्हणाली, आणखी किती लांबणार? मी म्हटलं, दोन वर्षं, आणि ती जेवायला वाढायला उठली.

नव्या फॉर्मवर वेळेचे चार रकाने होते. गाठीचा रक्तपुरवठा तुटला कधी, गाठ बाहेर निघाली कधी, आणि एकेक तुकडा डबीत पडला कधी. पण दाखवण्याचा प्रश्न राहिलाच होता. हॉस्पिटलच्या मोठ्या सरांनी सुचवलं, दाखवणं बंदच करून टाकू. मी पंचफुलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि डॉक्टर निखाड्यांना म्हणाल्या, "खालच्या अंगानं काढा न तुकडा, साहेब. अन् ट्रेत कापेल बाजू खाली ठेवा. वरून आख्खीच दिसते." दोन डॉक्टर आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. पाच वर्षांत आम्ही कोणी त्यांना विचारलं असतं, तर हे दोन मिनिटांचं काम होतं.

ते प्रथिन कॅन्सरमध्ये खरोखरच बाहेर येतं, हे इतरांनी नीट मोजून दाखवलं आहे. मी दाखवलं नव्हतं. नव्या मोजणीत माझ्याकडे ते काही जणींत बाहेर दिसलं, बऱ्याच जणींत नाही, आणि माझा प्रबंध शेवटी तुकडा थांबला तर काय होतं यावर झाला. वाचणारी माणसं चारावरून दोनावर आली. आज अठरा वर्षं मी वर्ध्याला एका महाविद्यालयात शिकवते. विद्यार्थी नमुना घेऊन आला की मी पहिला प्रश्न एकच विचारते, तुझ्याकडे येईपर्यंत हा कुठे होता? ते कंटाळतात. कंटाळू देत.

त्या काळात, नवी मोजणी सुरू झाल्यावर, मी रोज पुढच्या दारी बाकावर बसायची, मांडीवर फॉर्म आणि हातात घड्याळ घेऊन. जानेवारीतल्या एका सकाळी चौदाव्या क्रमांकाची शस्त्रक्रिया होती. रत्नमाला नावाची पन्नाशीची बाई, भंडाऱ्याकडची. सोबत शेजारीण आली होती, ती सकाळच्या बसने परत गेली. बाकावर मी एकटीच होते.

अकरा वाजता आतून डॉक्टर निखाड्यांनी आवाज दिला. दोन्ही तुकडे डबीत पडले होते, तीन मिनिटांच्या आत. मी चारही रकाने भरले आणि फॉर्मची घडी घातली. माझं काम झालं होतं.

तेवढ्यात दार ढकलून पंचफुलाबाई बाहेर आल्या. हातात ट्रे, त्यावर हिरवं फडकं. दोन पावलं पुढे आल्यावर त्यांना रिकामा बाक दिसला आणि त्या थांबल्या.

"हो की," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "इचं त कोनी नाही." आणि परत वळल्या.

"मावशी," मी म्हटलं. "मला दाखवा."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग जवळ आल्या, फडकं बाजूला केलं आणि ट्रे माझ्यापुढे धरला, सगळ्यांपुढे धरायच्या तसाच, दोन्ही हातांनी.

"पाहून घे, माय. पुरी निघाली."

पाच-सहा वर्षं मी गाठींवर काम करत होते. मला त्यांचे पापुद्रे माहीत होते, काचेवरचे, रंगवलेले. मी वाकले.

"एवढीशीच?" मी विचारलं.

"एवढीशीच अस्ते," पंचफुलाबाई म्हणाल्या, आणि माझं पाहून होईपर्यंत ट्रे तसाच धरून उभ्या राहिल्या.